मातीचा लुकुमा

माझा धाकटा भाऊ एलेउतेरिओ अंथरुणाला खिळला, त्याच वर्षी नदी आमच्या मोरोपे गावात शिरली आणि लुकुम्याची सगळी झाडं उभ्या उभ्या कुजली. नेमका याला लुकुमाच हवा, ते पिवळ्या गराचं, पिठूळ गोड फळ. दुसरं काही घशाखाली उतरेना.

"बाजारात बघितलंस?" मी वहिनीला विचारलं.

"बाजार कुठाय वन्सं, नुसता चिखल आहे."

वहिनी म्हणजे त्याची बायको, एदुविना. दोघांनी जन्मभर मडकी केली. तो फळीनं थापटायचा, ही गोट्यानं घोटायची. आमच्या टेकाडातल्या थडग्यांत जुन्या लोकांनी मेलेल्यांच्या उशाशी मातीची फळं ठेवलेली सापडतात. हे दोघं तशीच हुबेहूब घडवायची. आता त्याच्या हातांतली ताकद गेली होती, नजरही.

शेवटी वहिनीनं एकटीनंच एक लुकुमा थापटला. "मरतानासुद्धा कामाला लावलंय या माणसानं," असं पुटपुटत घोटला, भाजला आणि त्याच्या हातात दिला.

त्यानं अंगठ्यानं दाबून पाहिला. "कच्चा आहे. पेंढ्यात ठेव."

ठेवला. मग रोज सकाळी तेच.

"पिकला का गं?"

"नाही."

"तू सारखी चाचपतेस, कसा पिकेल?"

"मी कुठं, तुम्हीच चाचपता!"

रात्रभर त्याची कूस बदलायची, सकाळी पेंढा उपसायचा. वहिनीच्या डोळ्यांखाली खड्डे पडले. मला म्हणाली, "वन्सं, एखाद्या दिवशी यांनी तो चावला तर? एकच दात उरलाय."

एकदा ती पाण्याला गेली तेव्हा भावानं मला जवळ बोलावलं.

"ताई, तळ जाड झालाय."

"कशाचा रे?"

"लुकुम्याचा. फळी तिरपी धरते ती, पहिल्यापासून. बोलू नकोस हं तिला. पुन्हा करायला बसेल. दमलीय बिचारी."

मी बोलले नाही. दोघांचं चाललं होतं, त्यात मी कशाला पडू?

आठवड्याभरात तो गेला. पुरताना वहिनीनं पेंढ्यासकट तो लुकुमा त्याच्या हाताशी ठेवला, मग परत उचलला आणि तळावरून अंगठा फिरवला.

"जाड झालाय, नाही का वन्सं?"

"असू दे. वाटेत फुटायचा नाही."

घरी येऊन ती जी झोपली, ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. मी दारात बसले आणि कुणाला आत जाऊ दिलं नाही.