चालू गिरणीचा तुटलेला पट्टा

आमच्या गिरणीचं इंजिन सुरू झालं की मानवतच्या रस्त्याला लागलेल्या माणसालाही ऐकू जायचं. त्या आवाजावर बाया दळणाचे डबे घेऊन निघायच्या. डबे ओळीनं लागायचे. बौद्धवाड्याचे मात्र ओळीबाहेर, भिंतीकडेला, आणि त्यांचं दळण सगळ्यांत शेवटी. मला ती गिरणीची शिस्त वाटायची. बारा वर्षांच्या घोडीला एवढंही कळू नये, याचा आता राग येतो.

मुंबईत आमच्याकडच्या विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि आमच्या गावात पारावर दुसराच ठराव झाला. बौद्धवाड्याला किराणा नाही, काम नाही, दळण नाही. माझे वडील काही दुष्ट नव्हते, मुंगीलाही वळसा घालून जाणारा माणूस. पण "गाव करी ते राव न करी" एवढं म्हणाले आणि ठराव पाळायला लागले.

चौथ्या दिवशी बौद्धवाड्यातल्या एक बाई ज्वारीची पाटी घेऊन आल्या. आमच्या रानात कापूस वेचायला यायच्या, मी त्यांना मावशी म्हणायचे. त्यांच्या घरातलं जातं गिरणी आली तेव्हाच मोडीत निघालं होतं.

"लेकरं नुसत्या घुगऱ्यावर हायेत, मालक. एवढं दळून द्या."

"पट्टा तुटलाय," वडील म्हणाले.

पट्टा त्यांच्या पाठीमागं गरागरा फिरत होता. इंजिनाच्या आवाजात ऐकू जावं म्हणून त्यांना ते दोनदा ओरडून सांगावं लागलं. मी पिठाखाली डबा धरून बसले होते, कोपरापर्यंत पांढरी. मावशींनी पट्ट्याकडं पाहिलं, वडिलांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मला हसावं की रडावं, कळेना. त्यांनी पाटी उचलली आणि त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या चालत तालुक्याच्या ठाण्यात गेल्या. असा नकार देणं नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हे मला पुढं वकिली शिकताना कळलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्या बाईला ते तेव्हाच ठाऊक होतं.

दोन दिवसांनी जमादार आले. त्यांनी पारावर माणसं जमवली आणि एकेकाला विचारलं, त्या दिवशी गिरणी चालू होती का?

"न्हाई बा. बंद व्हती."

"आवाजच न्हाई आला."

ज्यांच्या चुलीवर त्याच दिवशी दळलेल्या पिठाच्या भाकरी भाजल्या होत्या, त्या बायाही हेच म्हणाल्या. मी एकेकाचं तोंड पाहत होते. कुणी अडखळलंसुद्धा नाही.

जमादार वही मिटायला लागले तेव्हा मावशी पुढं आल्या. "सायेब, त्या पोरीला इचारा. ती तितंच बसली व्हती. लेकरू खोटं बोलायचं न्हाई."

आता तक्रार टिकायची ती माझ्या एका शब्दावर. जमादार वाकून म्हणाले, "सांग बाळ. भिऊ नको."

मला कुणी पढवलं नव्हतं. वडिलांनी डोळे वटारले नव्हते, ते तर जमिनीकडं पाहत होते. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं कितीदा तरी मीच स्वतःला सांगून पाहिलं की लहान होते, घाबरले होते. साफ खोटं.

"बंद होती," मी म्हणाले. "पट्टा तुटला होता."

जमादारांनी वही मिटली. मावशी माझ्याकडं बघतच राहिल्या. तशी बघणारी माणसं मी पुढं कोर्टात पुष्कळ पाहिली, साक्षीदार फिरला की. वडिलांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

घरी आले तेव्हा मला सपाटून भूक लागली होती. आईनं वाढलेल्या दोन भाकरी मी खाल्ल्या आणि तिसरी मागून घेतली.