पाणी चढत होतं आणि हान घराणं चालू होतं

माझ्या नवऱ्याची एक लाडकी गोष्ट आहे. पुण्यात नोकरी करत असताना एका पावसाळ्यात पुलाखालच्या रस्त्यावर बंपरच्या वर पाणी साचलं होतं, लोक गाड्या सोडून चालले होते, आणि ह्या पठ्ठ्याने आपली जुनी गाडी सरळ पलीकडे काढली. पहिला गिअर, ॲक्सिलरेटरवर पाय, मध्ये थांबायचं नाही. इथे परदेशात, स्कोफिल्ड्सला आमच्या गल्लीत जो कोणी नवीन राहायला येतो, त्याला पहिल्या बार्बेक्यूलाच ही गोष्ट ऐकावी लागते. तो पुण्या-मुंबईकडचा असला तर लगेच स्वतःचीही तशीच काढतो. पाण्याच्या बाबतीत आपलं सगळं शिक्षण तिकडेच झालंय, असा आम्हा लोकांचा पक्का समज आहे. पाण्यात गाडी घालू नका म्हणून इथे ओढ्याओढ्याशी पाट्या लावलेल्या असतात; त्या गोऱ्यांसाठी आहेत असं आम्ही धरून चालतो. तिकडचं पाणी साचलेलं असतं आणि इथलं रस्त्यावरून वाहत असतं, हा फरक बार्बेक्यूला कुणी बोलत नाही.

त्या शनिवारी तो लेकीला घेऊन नदीपलीकडे नेटबॉलच्या मॅचला गेला होता. आठवडाभर पाऊस लागून राहिला होता. मॅच होणार नाही हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं, पण क्लबचा मेसेज नव्हता म्हणून दोघं गेले, आणि तिथे पोचल्यावर मेसेज आला. दुपारी त्याचा फोन आला.

"अगं, मॅच कॅन्सल. निघालोय आम्ही. पुढे रस्त्यावर थोडं पाणी आहे म्हणतायत."

"मग थांब ना तिकडेच. कुठल्या तरी कॅफेत बसा."

"बघतो गं. असून असून किती असणारे? आपण काय पाणी बघितलं नाहीये का?"

मागून लेकीचा आवाज आला, "डॅड, आय ॲम स्टार्व्हिंग, कॅन वी जस्ट गो?" आणि फोन कट झाला. मी परत लावला. लागला नाही. पुन्हा लावला, तेव्हाही नाही.

डायनिंग टेबलापाशी शेजारच्या चिनी आजी बसल्या होत्या. आयुष्यभर त्यांनी चीनमध्ये शाळेत इतिहास शिकवला, आणि आता इथे मुलीकडे राहून नातू सांभाळतात. माझी लेक सातवीत आहे. तिला शाळेत प्राचीन चीनच्या राजघराण्यांवर प्रोजेक्ट मिळाला, आणि ही बातमी कुंपणापलीकडे गेल्यापासून आजींनी आमचं घर ताब्यातच घेतलं होतं. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कागद चिकटवून त्यावर घराणी लिहिली होती, प्रत्येकाला वेगळा रंग. कागद तपासायला त्या आल्या होत्या आणि लेकीची वाट बघत होत्या.

मी त्यांना सांगितलं की दोघं रस्त्यात आहेत, फोन लागत नाही. मग मी मोबाईलवर बंद रस्त्यांचा नकाशा उघडला. ज्या रस्त्याने ते येणार होते तो लाल झाला होता. मी खिडकीशी गेले, दाराशी गेले, परत खिडकीशी आले. आजींनी दोन-तीन फेऱ्या बघितल्या आणि समोरची खुर्ची ओढली.

"सिट. आय टीच. यू लिसन."

माझा जीव टांगणीला लागलेला आणि ह्या बाईला चीन सुचतोय. मला इतका राग आला की मी काहीतरी टाकून बोलणार होते. पण पोरांना वर्गात बसवायचा तो आवाज होता. मी बसले.

पहिलं घराणं शिया. आणि त्याची सुरुवात, दुसरं काही नाही, पुरानेच होते. मोठा पूर आला, एका माणसाने वर्षानुवर्षं खपून त्याला वाटा काढून दिल्या, लोकांनी त्याला राजा केलं. काम चालू असताना तो तीनदा स्वतःच्या दारावरून गेला, आत बायको-पोरगं, पण आत शिरला नाही. चीनमध्ये हे कौतुकाने सांगतात म्हणे. मी म्हटलं, त्याच्या बायकोला विचारा. आजी हसल्या. हे घराणं खरंच होतं की नुसती आख्यायिका, यावर विद्वानांचं अजून भांडण आहे, हेही त्यांनी सांगून टाकलं.

मग शांग. हे लोक हाडांना आणि कासवाच्या कवचांना डाग देऊन त्यावरच्या भेगांतून भविष्य बघायचे. पाऊस पडेल का, राणीला मुलगा होईल का, लढाईला जाऊ का. मी मोबाईल हातात धरून तेच करत होते. नकाशा खाली ओढायचा, सोडायचा, लाल रेघ गेली का बघायचं. ती गेली नव्हती.

चौ घराण्याने शांगांना हाकललं आणि सांगितलं की राज्य करायची आज्ञा आकाश देतं. राजा नालायक निघाला तर आकाश ती काढून घेतं, आणि काढून घेण्याआधी भूकंप, दुष्काळ, पूर पाठवतं. हे बोलताना त्यांची नजर खिडकीकडे गेली. मीही तिकडे बघितलं. मागच्या अंगणातली ट्रॅम्पोलिन आता पाण्यात उभी होती.

"डोन्ट वरी," त्या म्हणाल्या. "हेवन अँग्री विथ किंग ओन्ली."

नवरा काही राजा नव्हता. पण माझ्या मते त्या क्षणी त्याच्याएवढा नालायक माणूस पृथ्वीवर नव्हता.

मग छिन घराणं. सगळा देश पहिल्यांदा एक करणारा सम्राट, एकच लिपी, एकच वजनमाप, थडग्यात मातीचं अख्खं सैन्य. मरणाला इतका भ्यायचा की अमर व्हायचं औषध शोधायला त्याने जहाजं धाडली. आणि मेला कुठे, तर प्रवासात, घरापासून लांब. दरबाऱ्यांनी बातमी दाबली. राजधानीपर्यंत तसंच त्याला बंद गाडीतून आणलं, रोज गाडीत जेवण द्यायचे, आणि वास लपवायला सोबत खारवलेल्या माशांची गाडी ठेवली. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, सम्राट घरी येतोय.

"प्लीज," मी म्हटलं. "हे नको."

आजी थांबल्या. आपण काय बोललो ते त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी उठून चहा केला, माझ्याच किचनमध्ये, न विचारता, बिनदुधाचा. मी पुन्हा फोन लावला. मग स्टेट इमर्जन्सीच्या नंबरवर लावला. तिथल्या मुलीने गाडीचा रंग विचारला, रस्ता विचारला, आणि एकदम हळू आवाजात बोलायला लागली. आपलं माणूस गेलं तर कसं सांगतात, ते ह्याच आवाजात सांगत असणार.

हान आलं. चारशे वर्षं, कागद, रेशमाचे रस्ते. चिनी लोक अजून स्वतःला हान म्हणवतात. पुढे सगळ्याची शकलं, मग सुई घराण्याने देश परत जोडला, कालवा खणताना माणसं मारली, लगेच गाशा गुंडाळला. तांग: कविता, संगीत, आणि एक बाई, स्वतःच्या नावाने राज्य करणारी. सोंग: छपाई, होकायंत्र, बंदुकीची दारू, कागदाच्या नोटा, आणि इतकं सगळं असून उत्तरेकडून घोडेस्वार आले ते आलेच. युआन म्हणजे तेच मंगोल. मला एक शब्द ऐकू येत होता आणि चार येत नव्हते. पावसाच्या आवाजात मी गाडीचा आवाज शोधत होते. मी तेव्हा देवाला काय काय कबूल केलं ते सांगायला मला आजही लाज वाटते.

मिंगशी आल्यावर आजींची गती एकदम मंदावली. निळी-पांढरी भांडी, आफ्रिकेपर्यंत गेलेली जहाजं, राजवाड्याचे दरवाजे, दरवाज्यांवरच्या खिळ्यांच्या रांगा. त्या खिळ्यांवर तर त्या बोलतच राहिल्या. मी कागदाकडे बघितलं. आता फक्त छिंग उरलं होतं, शेवटचं, पिवळ्या रंगातलं, आणि त्या ते सुरू करत नव्हत्या. ते संपलं की आम्हा दोघींकडे बोलायला काही उरणार नव्हतं. आजींनी त्या पिवळ्या रंगावर तळहात झाकून ठेवला होता. त्या मला धीर देत नव्हत्या, त्याही भ्यायल्या होत्या. लेक त्यांचीही होती थोडी.

तेवढ्यात गॅरेजचा दरवाजा वाजला.

लेक आधी आत आली, कोरडी. तिला मी अशी धरली की ती ओरडली. नवरा मागून आला आणि चपला काढत राहिला. दोघांचे फोन बंद पडले होते. उलटे फिरून, लांबचा वळसा घालून आले होते. मी त्याच्यावर तोंड सोडलं. पाणी बघितलंय म्हणतो, आपली पोर गाडीत घेऊन, अक्कल कुठे ठेवली होतीस. मला वाटलं, नेहमीसारखं हसून म्हणेल, अगं आलो ना.

"मम, स्टॉप," लेक म्हणाली. "आम्ही जाणारच होतो. वॉटरपाशी आम्हीच फर्स्ट होतो. साइडने एक यूट आली. तर बाबाने विंडो खाली केली आणि त्या अंकलला हात केला. यू गो, मेट."

मग ती रडायला लागली.

यूट, ती मागून उघडी असते तशी गाडी, निम्म्यात गेली आणि आडवी झाली. एखाद्याने टेबलावरून डबा सरकवावा तशी कडेला गेली. नवरा कंबरेला गाडी ओढायचा दोर बांधून रस्त्याच्या रेलिंगपर्यंत गेला, दुसऱ्या दोघांनी त्याला धरलं, पण हात पोचला नाही. तो माणूस काचेतून यांच्याकडे बघत होता. पुढे वाहत जाऊन तो एका झाडात अडकला, तिथून रेस्क्यूवाल्यांनी त्याला काढला. तो जिवंत आहे, हे सगळं आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

आजी उठल्या, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्यांच्या घरी गेल्या.

माझा नवरा आता पावसात गाडी काढत नाही, हे कुणालाही पटेल. पण उन्हातसुद्धा, राउंडअबाउटला, कोल्स सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये, समोरचा थांबून हात करतो, तू जा, तेव्हा तो जात नाही. आणि स्वतः तर कुणाला हात करतच नाही. मागून हॉर्न वाजतात. तो दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसून राहतो.