कलपाची कढई

लग्न होऊन वालचंदनगरला आले, त्याला महिना व्हायचा होता. नणंदेनं चुलीमागं उपडी घातलेली एक लोखंडी कढई मला दाखवली आणि बजावलं, की हिच्यात कालवण करायचं नाही, ही दादाची. दादा वेगळं काय खातो, असं मी विचारलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि हसू दाबत बाहेर गेली.

मला तोवर वास लागलाच होता. आमच्या मालकांच्या भांगाच्या दोन्ही कडांनी पांढरी रेघ उगवायला लागली होती. आज सुतासारखी, चार दिवसांनी काडीएवढी. सकाळी दाढी करायच्या आधी गालांवर मीठ फासल्यागत खुंट दिसायचे. लग्नात तिशीचे म्हणून सांगितलेले हे गृहस्थ माझ्या वडिलांपेक्षा, म्हणजे आबांपेक्षा, थोडेच लहान होते, हे त्या कढईनं मला सांगितलं. माणसांनी कुणीच सांगितलं नाही.

आबांचा मला फार राग आला. हा माणूस बाजारात बैल घ्यायला गेला की त्याचं तोंड उघडून दात बघणार, खांदा दाबणार, चालवून बघणार, मग चहा पिऊन यायचा बहाणा करून लांबून पुन्हा एकदा बघणार. आमच्या गावात, अंथुर्ण्यात, कुणाला जनावर घ्यायचं असलं तर लोक आबांना बरोबर नेत. आणि जावई निवडताना त्यांनी काय बघितलं, तर काळेभोर केस आणि कंपनीतली नोकरी. मी घरात रडून घेतलं, आबांपुढं एक शब्द काढला नाही. पण तेव्हापासून मी संशयी झाले ती झालेच. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले.

कलपाचं काम माझ्याकडं आलं. मालक आधी बारामतीहून पुडी आणून लावत. तिनं कानामागं फोड आले, म्हणून हा कढईचा मार्ग. लोकांना वाटतं, केस रंगवायचे म्हणजे तासाभराचं काम. तसं नाही. ते दोन दिवस खातं, आणि तिसऱ्या दिवशी कुठं माणूस चारचौघांत जाण्यासारखा होतो. पहिल्या दिवशी शिकेकाईनं डोकं स्वच्छ धुवायचं, कारण केसाला तेलाचा अंश राहिला तर रंग धरत नाही. संध्याकाळी कढईत मेंदी, आवळकाठीची पूड आणि थोडा कात घ्यायचा, चहाचं कडक पाणी घालून कालवायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. लोखंडामुळं सकाळी तो लगदा काळा झालेला असतो. मग जुनी बंडी घालून बसवायचं, कपाळाला आणि कानांना तेलाचं बोट फिरवायचं म्हणजे कातडी रंगत नाही, आणि केस बाजूला सारत मुळापासून लगदा भरायचा. वर एरंडाची पानं, त्यावर धोतराचा फाटका तुकडा घट्ट. न्याहारीनंतर बसलेला माणूस उन्हं कलेपर्यंत उठायचा नाही. थंडीत आणखी वेळ. मधेच धुतलं तर सगळं मातीमोल, केस गाजरासारखे निघतात. धुवायचं ते नुसत्या पाण्यानं. तेल दुसऱ्या दिवशी, आणि खरा काळा रंगही दुसऱ्याच दिवशी उतरतो. एवढं करून उन्हात उभं राहिलं की केसांतून तांबूस झाक मारतेच. ती झाक मी कुठंही ओळखीन.

काही वर्षांनी ती मला माझ्या धाकट्या बहिणीला बघायला आलेल्या मुलाच्या डोक्यावर दिसली.

स्थळ डाळजचं होतं. मुलगा चोविशीचा, घरची शेती, पुण्याच्या सडकेला लागून घर. मी त्यासाठी माहेरी गेले होते. पोहे झाले, प्रश्न झाले, धाकटीनं सगळ्यांना नमस्कार केला. मंडळी निघाली आणि मुलगा अंगणात चपला घालायला वाकला. वरून ऊन पडलं होतं. केसांत ती तांबूस झाक चमकली.

मी आबांना मळ्यात गाठलं. ते वांग्याच्या वाफ्यात पाणी मोडत होते. मुलगा केस रंगवतो, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते हसण्यावारी नेलं. मला सगळीकडं तेच दिसतं, असं म्हणाले, आणि बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. मग ते खाली बघून फावड्यानं उगीच माती ओढत राहिले. आमच्या दोघांत ती गोष्ट एवढ्या जवळ कधी आली नव्हती.

धाकटीचं सगळं आयुष्य त्या झाकेवर अडलं होतं. ती होकार द्यायला तयार होती. तिला मुलगा आवडला होता, कारण तिनं काही सांगितलं की तो ऐकून घेत होता. मला हेही संशयाचंच वाटलं. म्हातारी माणसं ऐकून घेतात.

आता आमच्याकडून घर बघायला जायचं होतं. त्याचा निरोप आधी पाठवतात आणि आबांनी रविवारचा पाठवला होता. मी मनात हिशेब मांडला. कलप लावला की कानामागची कातडी एक दिवस काळपट राहते, म्हणून ज्या दिवशी लोक यायचे त्या दिवशी शहाणा माणूस लावत नाही. रविवारी पाहुणे, म्हणजे शुक्रवारी डोकं धुणार, रात्री कढई भिजणार आणि शनिवारी दुपारी गडी पानं बांधून घरात बसलेला असणार. आबांना म्हटलं, आपण शनिवारीच जाऊ. असं बिननिरोपाचं जाणं बरं दिसत नाही, असं ते म्हणाले. मी फक्त एवढंच म्हणाले, "आबा, बैल इकणाऱ्याला आदी सांगून जाता का?"

शनिवारी आम्ही इंदापूरला गाडी बदलून पुण्याच्या एस.टी.नं डाळजला उतरलो. दारात मुलाची आई डाळ निवडत होती. आम्हाला बघून तिच्या हातातलं सूप कलंडलं. तोंडभर या या म्हणाली, पण पाय मात्र दार अडवूनच. मुलगा रानात गेलाय, संध्याकाळशिवाय यायचा नाही, असं तिनं विचारायच्या आधीच सांगितलं. आबांचा चेहरा लगेच परतीच्या गाडीचा झाला.

मी पाय धुवायला न्हाणीकडं गेले. दगडाशेजारी कढई होती. काठाला काळा लगदा, मध्ये अजून ओला. बाजूला एरंडाचं एक फाटकं पान. माझ्या घरची कढई कुणी उचलून इथं आणून ठेवली असावी, असं मला वाटलं. मी पान उचलून पुन्हा होतं तिथं ठेवलं आणि ओसरीवर येऊन पोत्यावर मांडी घालून बसले.

मी म्हणाले, असू द्या, आम्ही थांबतो. आम्हाला घाई नाही.

लगदा ओला, म्हणजे गडी नुकताच बसला होता. उन्हं कलेपर्यंत तो उठू शकत नव्हता आणि उन्हं कलेपर्यंत मी उठणार नव्हते. चहा आला. गूळशेंगा आल्या. आबांनी पावसाच्या, ज्वारीच्या, भीमेच्या पाण्याच्या गप्पा काढल्या, त्या संपल्या, मग पहिल्यापासून पुन्हा काढल्या. माजघराचं दार पुढं ओढलेलं होतं. आतून एकदा शिंक आली. मुलाच्या आईनं तेवढ्यात सुपातली डाळ जोरात पाखडली. ओल्या मेंदीनं डोकं गार पडतं, शिंका येतातच. आमचे मालकही शिंकायचे. मी काही ऐकलं नाही असं दाखवलं, पण खरं सांगायचं तर मला त्या क्षणी आनंद होत होता. सापडला होता. माझ्या वेळी कुणी असं ओसरीवर मांडी ठोकून बसलं असतं तर, हे मनात येत होतं आणि डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून मी डाळीतले खडे मोजल्यासारखी सुपाकडं बघत होते.

मग दार आतून उघडलं. तो आपणहून बाहेर आला. डोक्याला धोतराचा फडका, फडक्याखालून पानाचे देठ निघालेले, कानाजवळून काळा ओघळ मानेवर गेलेला. अंगात बोटभर डागांची बंडी. त्यानं आबांना वाकून नमस्कार केला आणि आईकडं न बघता माझ्या समोर बसला. त्याच्या आईनं डोळ्यांना पदर लावला.

मी सरळ वय विचारलं. चोवीस म्हणाला. केसांचं विचारलं. लहानपणी मोठा ताप आला, त्यानंतर जे केस आले ते पांढरेच आले, असं त्याच्या आईनं मध्ये पडून सांगितलं. माझा विश्वास बसला नाही. लेकाचं काही झाकायचं असलं की प्रत्येक आईजवळ एखादा ताप असतोच. तो माझ्या तोंडाकडं बघत होता. त्याला ते कळलं असावं.

"आक्का, दाढी बघा," तो म्हणाला. "चार दिसांची हाय, उद्या करणार व्हतो. हितं कलप लावत न्हाय कुणी."

मी बघितली. जवळ सरकून, लाज न बाळगता बघितली. गालांवर, हनुवटीवर, ओठावर, सगळीकडं काळे खुंट. कुठंही मीठ नव्हतं. मानेची कातडी ताणलेली. हसला असता तर दातही बघितले असते. आबा शेजारी अवघडून बसले होते, पण त्यांचीही नजर त्या हनुवटीवरून हलत नव्हती.

मग लपवलं कशाला, असं मी विचारलं. पांढऱ्या डोक्यानं बसला तेव्हा आधीच्या स्थळांनी पोहे खायच्या आतच पाय काढला, एकानं तर मुलगा कुठाय म्हणून त्यालाच विचारलं, असं त्यानं सांगितलं. सांगताना तो हसला नाही. कलप ही आईची युक्ती होती, पण त्यानं आईवर ढकललं नाही. एवढंच म्हणाला, "मला पटत नव्हतं, पर मी बसलो. तुमच्या भनीला सांगा. तिला चालत नसंल तर आमी बोलणी मोडली म्हणून सांगू, तुमच्यावर येऊ देणार न्हाय."

मी म्हणाले, आधी डोकं धुवा. अजून रंग धरला नाही, असं त्याची आई काकुळतीनं म्हणाली. मी म्हणाले, म्हणूनच. तो उठला आणि न्हाणीत जाऊन घागरभर पाण्यानं डोकं धुऊन आला. कुठं गाजरासारखे, कुठं पांढरे, कुठं मागच्या कलपाचे काळे, कुठं राखेच्या रंगाचे, असे केस घेऊन तो आम्हाला सडकेपर्यंत सोडायला आला. येणारी-जाणारी वळून बघत होती. तो गाडी येईपर्यंत उभा राहिला.

अंथुर्ण्याला आल्यावर मी धाकटीला सगळं सांगितलं, शिंकेसकट. तिनं ऐकून एकच विचारलं, "त्यो सोताहून भाईर आला, का तू दार उघडलंस?"

मला खोटं सांगता आलं असतं. माझा संशय अजून पुरता गेला नव्हता. पण मी म्हणाले, की दार आतून उघडलं. ती म्हणाली, मग आबांना व्हय म्हणून सांग.

लग्नात तो रंगलेले केस कापून टाकून पांढऱ्याशुभ्र डोक्यावर बाशिंग बांधून बोहल्यावर उभा राहिला. मांडवात कुजबुज झालीच. पोरगी म्हाताऱ्याला दिली, असं माझ्या मागं कुणीतरी म्हणालं. आयुष्यात पहिल्यांदा मी अशा बोलण्याकडं वळून बघितलं नाही. धाकटी अंतरपाट खाली यायच्या आधीच हसत होती. आमचे मालक पुढच्या रांगेत होते. मी आदल्या दिवशीच त्यांचे केस रंगवले होते, अगदी उत्तम उतरले होते. एक लांबचा पाहुणा त्यांना म्हणाला, की तुमच्यापेक्षा तुमचे साडूच वडील दिसतात. मालक हसले नाहीत. ते सगळा वेळ नवऱ्यामुलाच्या डोक्याकडं बघत होते.

पुढच्या महिन्यात त्यांच्या भांगाला रेघ आली, तशी मी कढई काढली आणि मेंदी चाळायला घेतली. ते कामावरून येऊन पायरीवर बसले होते. म्हणाले, राहू दे. मी चाळणी खाली ठेवली. मला वाटलं, सर्दी असेल.

"तवा तुला खरं वय सांगितलं आसतं," ते कढईकडं बघत म्हणाले, "तर तू व्हय म्हणाली आसतीस का?"

इतक्या वर्षांत त्यांनी हा विषय काढला नव्हता. मीही काढला नव्हता. दर महिन्याला त्यांच्या डोक्यात बोटं घालून मी तो मुळापासून लिंपून टाकत होते.

"न्हाय म्हणाली आसते," मी म्हणाले. "पर इचारायचं व्हतं."

कढईच्या काठाला जुना काळा लगदा वाळून बसला होता, तो ते नखानं खरवडत राहिले.

मग म्हणाले, "व्हय. इचारायचं व्हतं."