शुभांगीची जट

शुभांगीचे केस ओले असताना गुडघ्यापर्यंत येत आणि वाळले की आक्रसून कमरेच्या वरच थांबत. त्यामुळे ते खरे किती लांब आहेत हे बाहेरच्या कुणाला कधी कळलं नाही. माहीत होतं ते घरातल्यांनाच. आईनं ते वाढवले, सासूनं ते बघून सून पसंत केली, मुलगी लहानपणी त्यांत तोंड खुपसून झोपली. नवऱ्याला लांबी कळली ती हाताला दिलेल्या वेढ्यांवरून.

तिचं माहेर ताम्हिणीचं. पावसाळ्यात तिथं अंगावरचे कपडे वाळत नाहीत, तर केस कुठून वाळणार? आई एका ढाब्यावर भाकऱ्या थापायला जायची. सुट्टीच्या दिवशी ती शुभांगीला न्हाऊ घालायची, मग चुलीतले निखारे बाहेर ओढून त्यावर कोंबड्या झाकायचं डालगं उपडं ठेवायची आणि त्यावर केस पसरायची. सोमवारी शाळेत शुभांगीच्या डोक्याला धुराचा वास यायचा. मुली नाक मुरडायच्या आणि मधल्या सुट्टीत तिच्या बटा ओढून पुन्हा वर उसळतात कशा ते बघायच्या.

ते कुरळे होते म्हणून सांभाळायला अवघड होते. आईनं कोरड्या केसांत कधी फणी घातली नाही. खोबरेल लावून बोटांनी, शेंड्याकडून वर वर, एकेक बट मोकळी करायची. अर्धी दुपार जायची. तेवढा वेळ दोघी गप्पा मारत, नाहीतर नुसत्या बसत. शुभांगीच्या लाडाची वेळ तेवढीच. बाकी आईला सवड नव्हती.

बघायला आले तेव्हा होणाऱ्या सासूनं, तुळजाबाईंनी, तिची वेणी सोडायला लावली. गंगावन तर नाही ना म्हणून एक बट पाण्यात भिजवून ताणून बघितली. सासरे हैबतराव म्हणाले, "कुरळ्या केसांची बाई तापट असतीया." तुळजाबाई म्हणाल्या, "लांब हायेत. कुरळंपण येणीत जातंय." आणि सुपारी फुटली.

सासरी, हिंजवडीजवळच्या माणमध्ये ती आली तेव्हा शेतं होती. पुढं कंपन्या आल्या, शेतं गेली आणि त्यांच्या जागी तीन मजली इमारत उभी राहिली. वरच्या दोन मजल्यांवर कंपनीत नोकरी करणारी मुलं भाड्यानं राहतात. हैबतराव गेल्यावर सगळं तिच्या नवऱ्याच्या, विलासच्या हाती आलं. भाडं गोळा करणं, पाण्याची मोटार लावणं आणि प्लॉटिंगवाल्या मित्राच्या ऑफिसात बसणं, एवढंच त्याचं काम. विलास दारू पीत नाही. गावात हे कौतुकानं सांगतात. त्याला राग यायचा तो शुद्धीत यायचा. भाजीत मीठ, टाकीत पाणी, भाडेकरूचा जोरात वाजलेला दरवाजा, काहीही पुरायचं. मारायच्या आधी तो वेणी धरायचा आणि मनगटाला गुंडाळत जायचा, सावकाश, बोलत बोलत. वेढे पुरे झाले की शुभांगीचं डोकं त्याच्या खांद्याशी यायचं.

तेवढ्या वेळात तुळजाबाई गॅलरी झाडायला घ्यायच्या. झाडलेली असली तरी.

मुलगी जुईली चौथीत असताना म्हणाली होती, "आई, काप ना केस."

"येडी का काय."

"मग पप्पांना धरताच येणार नाही."

शुभांगीनं तिला कांदे निवडायला बसवलं आणि विषय संपवला. केस कापावेत असं तिला कधी वाटलंच नाही असं नाही. पण या घरात तिनं बरोबर आणलेलं तेवढंच होतं. दागिने सासूच्या कपाटात, जमीन विकलेली, खोल्या विलासच्या नावावर. केसांना तेल लावताना ती दार लावून घ्यायची आणि त्या वेळात तिला कुणी हाक मारायचं नाही. ते सोडून द्यायला तिचं मन होईना.

जुईलीचेही केस आईसारखेच होते. पहिल्या पगारात तिनं ते सरळ करून घेतले आणि मानेवर कापले. माणहून हिंजवडीचं ऑफिस जवळ असताना ती तिघी मैत्रिणींबरोबर बाणेरला भाड्यानं राहायला गेली. का, ते घरात कुणी विचारलं नाही. विलास लोकांना सांगायचा, "ट्रॅफिक लई हाय हितं."

गेल्या वर्षी मोटार बंद करायची राहिली आणि गच्चीवरची टाकी वाहिली. विलासनं शुभांगीला तिथंच गाठलं. वेणीला हिसका बसला आणि तिचा उजवा खांदा टाकीच्या कठड्यावर आपटला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, पाय घसरला. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, व्यायाम दाखवले आणि तिच्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. खांदा आखडला तो आखडलाच. हात कानाच्या वर जाईना.

सरळ केस न विंचरता चार दिवस थांबतात. कुरळे थांबत नाहीत. गळलेले केस खाली पडत नाहीत, वळणांत अडकून राहतात आणि शेजारच्या केसांना बांधून टाकतात. शुभांगी डाव्या हातानं कसाबसा अंबाडा घालायची. तिनं सासूला विंचरून द्यायला सांगून पाहिलं, पण तुळजाबाईंना नीट दिसत नव्हतं आणि बोटांत जोर नव्हता. जुईलीला फोनवर सांगायचं तर खांद्याचं सांगावं लागलं असतं. मानेवर आधी लिंबाएवढा गोळा झाला. मग तो पसरला, चपटा झाला, घोंगडीच्या तुकड्यासारखा घट्ट बसला. हा आपल्या दुर्लक्षाचा गुंता आहे, दुसरं काही नाही, हे शुभांगीला पक्कं माहीत होतं. कुठल्या महिन्यात तो हाताबाहेर गेला तेही माहीत होतं.

एका सकाळी दुसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू न सांगता खोली सोडून गेला. विलास स्वयंपाकघरात आला.

"तू त्याला काय बोल्लीस?"

"मी काय बोलणार? पाणी कधी येतंय इचारत हुता."

"आन तू काय सांगितलंस?"

त्यानं अंबाड्याला हात घातला. अंबाडा सुटला, पण वेढा बसेना. त्याची बोटं त्या गोळ्यात अडकली. तुळजाबाई तिथंच खाली लसूण सोलत बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत.

"इलास, हात काढ."

"तू गप बस, आई."

"जट हाय ती. देवीची. मला कवाचीच दिसतीया, म्या बोलले न्हाई. हात काढ म्हनते."

विलास कुठलाही व्यवहार देवीला कौल लावल्याशिवाय करत नाही. त्याच्या गाडीला लिंबू-मिरची असते. त्याच्या एका चुलत्यानं बायकोची जट कापली आणि वर्षाच्या आत तो गेला, हे तो लहानपणापासून ऐकत आला होता. त्यानं हात काढला. बनियनला पुसला. मग तो बाहेर जाऊन बराच वेळ पायरीवर बसला.

तुळजाबाईंनी लसूण बाजूला ठेवला, हात धुतले आणि देव्हाऱ्यातली हळद-कुंकवाची कोयरी आणली. शुभांगीची मान खाली वाकवून त्यांनी त्या गुंत्यावर हळद भरली.

तेव्हापासून त्या घरात आवाज चढला नाही.

मंगळवारी शेजारपाजारच्या बायका ओटी भरायला येतात. विलास उंबऱ्यातून हात जोडतो, जवळ येत नाही. आधी तो तिला "ए" म्हणायचा, आता "शुभांगी" म्हणतो. आपलं ताट आपण घेतो. भाजी अळणी असली तर मीठ मागतो. शुभांगी आता सगळ्यांच्या आधी जेवते, कारण देवीला उपाशी ठेवायचं नाही असं तुळजाबाईंनी सांगितलंय.

आणि जट वाढते. आजूबाजूचे केस तिच्यात ओढले जातात. तिचं ओझं मानेवर येतं, उताणं झोपता येत नाही, आत खाज सुटते तिथं बोट पोचत नाही. पावसात तिला कोंदट वास येतो. कपाळावरच्या चार बटा तेवढ्या अजून मोकळ्या आहेत. त्यांना ती डाव्या हातानं तेल लावते, ओढून बघते आणि सोडते.

जुईलीला हे सगळं कळलं ते शेजारच्या कुणीतरी टाकलेल्या फोटोवरून. आई पाटावर बसलेली, पुढ्यात ओटीचे नारळ. ती पुढच्याच शनिवारी आली. पिशवीत कंडिशनरच्या दोन बाटल्या, खोबरेल आणि मोठ्या दातांचा कंगवा होता.

"पप्पा कुठंयत?"

"पौडला गेल्यात. कचेरीत काम हाय म्हनं," शुभांगी म्हणाली.

"चल, बाथरूममध्ये."

"जुई, आगं..."

"आई, मी तुझी मुलगी आहे. माझ्याही डोक्यावर हेच केस होते. हा गुंता आहे. कापणार नाही मी, सोडवणार आहे."

शुभांगी तिच्यामागं गेली. तिला जायचंच होतं. स्टुलावर बसून तिनं मान पुढं केली आणि जुईलीनं कोमट पाणी सोडलं. हळदीचा पिवळा ओघळ मोरीकडं गेला. जुईली शेंड्याकडून सुरू झाली. खूप वेळ काहीच हललं नाही. मग एक पदर सैल झाला, मग दुसरा. अर्ध्याअधिक गुंत्यात बोटं फिरायला लागली. एक लांब बट सुटून ओली ओली शुभांगीच्या मांडीवरून गुडघ्यावर येऊन पडली.

शुभांगीनं ती हातात घेतली. "तुटली न्हाई गं," ती म्हणाली.

"नाही तुटली. सगळे आहेत तसे आहेत. आज संध्याकाळपर्यंत होईल बघ."

शुभांगी ती बट बोटाला गुंडाळत राहिली. बाहेर कुणाची तरी गाडी वाजली आणि तिचे खांदे वर आले. गाडी पुढं निघून गेली. खांदे खाली यायला वेळ लागला.

"बास कर," ती म्हणाली.

"दुखतंय?"

"न्हाई. बास कर. ऱ्हाऊ दे आता."

"आई, अर्धं झालंय."

"म्हनूनच सांगते. अजून बांधता येईल. मोकळं झाल्यावर न्हाई यायचं."

जुईलीचे हात थांबले. "तू माझ्याबरोबर चल. बाणेरला."

"तुमी चार पोरी एका खोलीत. मी काय तितं गादी टाकून बसू? आन आठ दिवसांनी तुझा बाप न्यायला आला, का आजी पडली, का कुणाचं लगीन निघालं, की यावं लागंल. येईन तवा डोक्यावर काय असंल?" ती थांबली. "सा महिने झालं जुई, मी झोपते. तुला न्हाई कळायचं. नीट झोपते."

जुईली ओल्या हातांनी तशीच बाहेर आली. तुळजाबाई कॉटवर पाय सोडून बसल्या होत्या. बाथरूममध्ये काय चाललंय हे त्यांना कळलं नसेल असं नव्हतं.

"आजी, तूच सुरू केलंस हे. तुला खरंच वाटतं देवी आलीय?"

"मला काय वाटायचंय," तुळजाबाई म्हणाल्या. "त्याला वाटतंय न्हवं?"

"मग इतकी वर्षं का गप्प होतीस?"

"तवा जट कुटं हुती?"

त्यांनी उशाखालून किल्ली काढली, कपाट उघडलं आणि हळदीची नवी पुडी जुईलीच्या हातात दिली. "कोरडं कर आदी," त्या म्हणाल्या. "वल्या केसात हळद ऱ्हात न्हाई."

जुईली परत आत गेली. तिनं टॉवेलनं आईचे केस पुसले. सगळ्या सुटलेल्या बटा एकत्र घेतल्या. त्यांना पीळ देताना त्या पुन्हा पुन्हा निसटत होत्या. कंडिशनर लावल्यामुळं केस इतके मऊ झाले होते की एकमेकांना धरत नव्हते. मग तिनं दोन्ही तळव्यांत ते चोळायला सुरुवात केली, जोरात, उलट्या दिशेनं. ज्या चुकीबद्दल लहानपणी आई तिच्या हातावर चापट मारायची, तीच ती आता करत होती आणि आई मान पुढं करून बसली होती. अधूनमधून ती पुडीतली हळद त्यात भरत होती. हळद डोळ्यांत गेली म्हणून जुईलीनं दंडाला डोळे पुसले.

दाराशी विलासची गाडी थांबली. त्यानं चपला काढल्या, चूळ भरली. बाथरूमच्या बंद दारापाशी तो येऊन थांबला.

"शुभांगी? पूजा चालली हाय व्हय?" त्याचा आवाज हळू होता. "चालू द्या. मी भायेर बसतो."

जुईलीनं आईकडं बघितलं. शुभांगीनं डावा हात मागं नेला आणि मुलीनं केलेला तो पीळ चाचपून पाहिला.

"ढिला हाय," ती म्हणाली. "आवळ अजून."