ताट पडतं तेव्हा

आमच्या फलटणात एक बाई प्राण्यांच्या निवाऱ्यातली कुत्री महिनाभर घरी सांभाळायच्या आणि मगच दत्तक द्यायच्या. मी एक कुत्रं न्यायला गेलो, तर बोलता बोलता त्यांनी स्टीलचं ताट मुद्दाम फरशीवर टाकलं. कुत्र्यानं नुसता कान हलवला. माझा चहा माझ्याच विजारीवर सांडला.

“आवाजाला भिऊन पळत्यात, म्हणून सवय लावते,” त्या म्हणाल्या. “कुत्रं तयार हाय, तुमी न्हाई. आठ दिवस येत जावा.”

कुत्र्याशेजारी बसून शिकवणी घेणारा गावात मी पहिलाच. आठव्या दिवशी ताट पडलं आणि आम्ही दोघंही ढिम्म!

बाईंनी पट्टा माझ्या हातात दिला. “जावा आता.”

फाटकातून वळून पाहिलं, तर त्या आमच्याकडे पाठ करून घासलेलंच ताट पुन्हा घासत होत्या.