नाकातले थेंब

चामराजपेटेतल्या एका ऊदबत्तीच्या कारखान्यात येसाजी सुगंधी तेलांची मिसळण करायचा. चंदनाच्या तेलात भेसळ असली, तर कुपीचं बूच उघडताच तो ओळखे. मालक आप्पाजी त्याला विचारल्याशिवाय तेलाचा डबा उतरवून घेत नसत.

अठ्ठावन्न सालच्या थंडीत त्याला पडसं झालं. नाक असं चोंदलं, की चंदन काय नि कोळशाची पूड काय, सगळं सारखंच. औषधवाल्यानं थेंबांची बाटली दिली. दोन थेंब टाकले आणि चार मिनिटांत नाक मोकळं! येसाजीला देव भेटल्यासारखं झालं.

पडसं आठवड्यात गेलं; थेंब राहिले. आधी सकाळ-संध्याकाळ, पुढे तासातासाला. असर उतरला, की नाक पहिल्याहून घट्ट मिटायचं. तोंडानं श्वास घेऊन ओठ फुटले, छाती धडधडू लागली. मग एक दिवस त्याच्या ध्यानात आलं, की नाक मोकळं असतानाही वास येत नाही. कुणाला न सांगता तो अंदाजानंच मिसळण करत राहिला.

पावसाळ्यात अख्खा माल परत आला. बत्ती जळताना रॉकेलचा दर्प सुटत होता. आप्पाजींनी त्या मालात वापरलेल्या तेलाची कुपी येसाजीच्या नाकाखाली धरली.

"कसं आहे?"

"चांगलं आहे, अण्णा."

आप्पाजींनी कुपीला बूच लावलं.

त्या दिवशी त्याची बायको चंद्राबाई हिला त्याच्या कोटात तीन बाटल्या सापडल्या. तिनं त्याला हाताला धरून डॉक्टर नरसिंहांकडे नेलं.

"या औषधानं नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून सूज उतरते," डॉक्टर म्हणाले. "चार-पाच दिवस ठीक. महिनोन्‌महिने टाकलंत, तर असर संपताच त्या जास्तच फुगतात. तुमचं पडसं कधीच गेलं. आता नाक चोंदतं ते थेंबांनीच."

"मग?"

"आधी उजव्या नाकपुडीत बंद करा. ती उघडली, की डावीत. स्वल्प त्रास होईल."

"आणि वास?"

"ते आज सांगता येत नाही."

त्रास स्वल्प नव्हता. येसाजी भिंतीला टेकून माशासारखा तोंड उघडून बसे. बाटली चंद्राबाईच्या कनवटीला; डावीतही ती रात्री एकदाच थेंब टाके. "तुझ्या पाया पडतो, गुदमरतोय गं," म्हणत तो रडला. तीही रडली, पण उजवीकडे तिनं एक थेंब पडू दिला नाही. नवव्या दिवशी उजवी नाकपुडी उघडली, आणखी दोन आठवड्यांनी डावी. श्वास आला. वास आला नाही.

येसाजी स्वतःच आप्पाजींपुढे जाऊन उभा राहिला. "अण्णा, सहा महिने मला वास येत नाही. मी खोटं बोललो."

"आधी का नाही सांगितलंस?"

"नाकाशिवाय माझ्यात दुसरं काय होतं?"

आप्पाजींनी त्याला काढलं नाही. बत्त्या वाळवायच्या अंगणात काम दिलं. वर्षभरानं त्याला कॉफीचा, धुराचा वास कळू लागला. चंदनातली भेसळ मात्र पुन्हा कधीच कळली नाही. मिसळणीच्या खोलीत आता दुसरा माणूस होता. तिच्या दारावरून जाताना येसाजी मान खाली घाली.