ओल्या कातळावरच्या अळ्या

“गावातून फवारणीचा पंप आणा! आत्ताच!” इंजिनियर साहेब ओरडले, आणि मी धबधब्याच्या कातळाला पाठ लावून उभी राहिले.

गडचिरोलीच्या जंगलातला हा धबधबा. पर्यटक घसरतात म्हणून सगळा ओला कातळ ॲसिडने घासून त्यावर टाइल्स बसवायच्या होत्या. याला म्हणे सुशोभीकरण! माझं काम पाण्यातल्या किड्यांच्या सर्व्हेचं. या दगडावर जीव आहेत हे साहेबांना दिसावं, म्हणून मी मोबाइलच्या कॅमेऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवला. थेंबाचं भिंग होतं. फोन दगडाजवळ नेताच स्क्रीनवर अळ्या वळवळल्या. साहेबांना दिसला तो डेंग्यू.

“मच्छर नाहीत हो! या वेगळ्या माशीच्या अळ्या. कातळावरून पाण्याचा कागदाएवढा पातळ पापुद्रा ओघळतो ना, तेवढ्याच पाण्यात राहतात. पोट ओलं, पाठ हवेत. दगडावरचं शेवाळ खातात. माशी झाल्यावरही चावत नाहीत.”

“चावत नाई हे तुमाले त्याईनं सांगतलं का, ताई?” ठेकेदार भाऊंनी विचारलं. मजूर खदखदून हसले.

ढिगाने पत्रकं लिहिलीत मी, पण हसणाऱ्या माणसांपुढे पत्रक चालत नाही. खरे मच्छर दाखवायला हवे होते. ते मिळाले ठेकेदारांच्याच ड्रममध्ये. सिमेंट कालवायचं पाणी उघडं पडलेलं, त्यात डासांच्या अळ्या बुचबुचलेल्या. मी त्यातलं पेलाभर पाणी घेतलं, कातळावर हळूच ओतलं आणि खाली प्लास्टिकचा मग धरला. डासांच्या अळ्या सरसर घसरून मगात! त्यांना साठलेलं पाणी लागतं. कातळावरच्या मात्र दगडाला चिकटून तिरप्या पळाल्या.

साहेबांनी मगात डोकावलं. “हा ड्रम कोणाचा?”

ठेकेदार भाऊ झाडाकडे पाहू लागले. “सरकारी कामाचाच हाये, साहेब.”

“रिकामा करा आधी!” मग माझ्याकडे वळून, “पण बाई, उद्या कोणी घसरून पडलं तर?”

“कातळावर चढूच कशाला द्यायचं? डावीकडे कोरडं आहे. तिकडून वाट काढा, कठडा लावा.”

“टाइल्स?”

“तुमच्या ऑफिसात लावा.”

साहेब हसले. वाट डावीकडून गेली, ॲसिडचे कॅन आले तसे परतले. कातळ ओलाच आहे.

तेव्हापासून साहेबलोकांना अळी दाखवण्याआधी मी सांगते, ती काय नाही ते. मारायला नुसता संशय पुरतो. वाचवायचं तर पुरावा लागतो, तोही मगात धरून.